कोरा नमुना

तिने आधी बाबांचं मनगट खाली झुकवलं. मनगट झुकलं की बोटं आपोआप थोडी सैल पडतात, हे फिजिओथेरपिस्टने शिकवलं होतं. सरळ बोटांनाच हात घातला तर मूठ आणखी घट्ट होते. मग अंगठा बाहेर काढला, मग करंगळी, मग उरलेली तीन बोटं. तळहात उघडला. त्यात नखांच्या चार खुणा होत्या. तिने त्या ओल्या रुमालाने टिपल्या, पावडर लावली, हात उशीवर उताणा ठेवला आणि मांडीवरचा मोबाईल उचलला.

"बाबा, ऐका हं. दुसरं कडवं. याआधीची चार मीच नापास केली, तुमच्यापर्यंत येऊच दिली नाहीत."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. पियानोच्या वरून वर्गाकडे बघायचे तसेच, डोळे जरा बारीक करून. तिने घसा साफ केला आणि त्यांच्याच चालीत म्हटलं:

पियानोला झाकण घाला, तोही आता दमला,
शेवटचा एक सूर अजून कोपऱ्यात थांबला.

"बरोबर," बाबा म्हणाले.

"नक्की? 'दमला' चालेल? जरा लाडिक वाटत नाही?"

"बरोबर."

"म्हणजे लाडिक वाटतं?"

"बरोबर, बरोबर." त्यांनी चांगल्या हाताने, डाव्या, तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

आई धुतलेल्या चादरीच्या घड्या घालत होती. एक टोक हनुवटीखाली धरून ती म्हणाली, "झालं ना त्यांचं बरोबर म्हणून? मग कशाला त्यांच्या मागे लागलीस? लिहून टाक."

तिने वहीत दोन ओळी उतरवल्या, समोर बरोबरची खूण केली, तारीख घातली. उशीवरची मूठ तोपर्यंत पुन्हा मिटली होती.

बाबांनी तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं. त्या तीस वर्षांत त्यांच्या तोंडून 'बरोबर' हा शब्द कुणी ऐकला नव्हता. त्यांचा शब्द होता 'पुन्हा'. त्यांनी उजवा हात उघडला की वर्गाने श्वास घ्यायचा, गायला लागायचं. मूठ मिटली की थांबायचं. सुराच्या मधे, अक्षराच्या मधे, असाल तिथे. मग 'पुन्हा'. सगळं मनासारखं झालं, की ते काही न बोलता समोरच्या कागदांतलं पान उलटायचे. पान उलटलं याचाच मुलांना इतका आनंद व्हायचा की काही जण घरी जाऊन सांगायचे.

आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. उजवा हात मुठीत गेला आणि भाषा गेली. चार आठवडे काहीच नाही. मग एक दिवस नर्सने विचारलं, उशी उंच करू का, आणि बाबा स्पष्ट म्हणाले, "बरोबर." आई रडली. मुलगी धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. त्यानंतर दुसरा शब्द आला नाही. स्पीच थेरपिस्ट म्हणाली, असं होतं, एखादाच शब्द उरतो, तोच का उरला ते कुणाला सांगता येत नाही. कित्येकांना बोलता येत नाही पण गाता येतं, म्हणून तिने बाबांना त्यांच्याच एका गाण्याची सुरुवात करून दिली. बाबांनी तोंड उघडलं. "बरोबर," ते म्हणाले. अगदी सुरात.

"त्यांना समजतं का सगळं?" मुलीने विचारलं होतं.

"काही समजत असेल," थेरपिस्ट म्हणाली. "किती, ते मोजायला वेळ द्यावा लागेल."

मोजायला वेळ लागेल, हे वाक्य मुलीला आवडलं होतं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होती. लहानपणी ती बाबांच्या वर्गात सुरापेक्षा मात्रांकडेच जास्त लक्ष द्यायची, म्हणून त्यांनी तिचं नाव 'मोजपट्टी' ठेवलं होतं. त्यांनी सगळ्यांनाच नावं ठेवली होती, आणि ती जन्माला पुरली होती.

काही आठवड्यांपूर्वी घसरगुंडी आणि पिपाणी घरी आले होते. घसरगुंडी आता दातांचा डॉक्टर होता, डोक्यावर टक्कल पडलं होतं. शाळेत वरचा सूर लावायला गेला की हमखास खाली घसरायचा. पिपाणी दुसऱ्या एका शाळेत पियानो शिकवत होती आणि तिचा आवाज अजूनही भिंतीपलीकडे जायचा.

"सर, सभागृह पाडणार आहेत," पिपाणी म्हणाली. "नवीन बांधणार. त्याआधी एक शेवटचा कार्यक्रम करायचाय आम्ही जुन्यांनी. साठ जण तयार झालेत."

"बरोबर," बाबा म्हणाले.

घसरगुंडी हातातल्या कपात बघत राहिला. त्याने बाबांविषयी ऐकलं होतं, पण स्वतःच्या कानांनी ऐकणं वेगळं. त्याने कप खाली ठेवला, उठला, खुर्चीसमोर उभा राहिला आणि खिशात हात घालून, दहावीतल्या पोरासारखा, एका जुन्या गाण्याची ओळ म्हटली. वरचा सूर आला तसा घसरला.

"बरोबर," बाबा म्हणाले.

घसरगुंडीने चष्मा काढला. "तीस वर्षं वाट बघितली सर मी याची," तो म्हणाला. मग हसायला लागला.

"अरे, घसरलास की तू," पिपाणी म्हणाली.

"घसरू दे. सर बरोबर म्हणाले. तू तुझं बघ."

जाताना त्यांनी गाण्याचं विचारलं. बाबा दर वर्षी शेवटच्या दिवसासाठी एक नवं गाणं करायचे. एकोणतीस गाणी झाली होती. तिसावं कुठे असेल का? आईने कपाटातून वही आणली. डाव्या पानावर, खाली स्वरलिपीसकट, एक कडवं होतं:

किल्ल्या लावा खिळ्याला, दिवे मी मालवतो,
तुम्ही व्हा पुढे सावकाश, मागून मी येतो.
फळा पुसून झाला आहे, खडू उरला थोडा,
दार नुसतं लोटून घ्या, कडी तेवढी सोडा.

उजव्या पानावर वर 'दोन' असा आकडा घातला होता. त्याच्याखाली काही नव्हतं.

"सभागृहाचंच आहे," पिपाणी हळू म्हणाली. हळू म्हणजे तिच्या मानाने. "आत्तासाठीच लिहिल्यासारखं. मोजपट्टे, हे पुरं करता येईल का गं? तू त्यांची मुलगी. आम्हाला कुणाला जमायचं नाही."

"मला कुठे येतं लिहायला?"

"मग तो चॅटबॉट असतो ना, त्याला दे. माझी पोरं त्याच्याकडून निबंध लिहून घेतात आणि वर मलाच वाचून दाखवतात. तू फक्त सरांना विचारत जा. हो म्हणाले तर हो."

सगळ्यांना ते पटलं. तिलाही. शब्द कुणीही सुचवू देत, होकार तर सरांचा.

तिने ते काम प्रयोगशाळेतल्या कामासारखं केलं. एकोणतीसच्या एकोणतीस गाणी टाइप केली, प्रत्येकाच्या मात्रा मोजून बाजूला लिहिल्या, चॅटबॉटला वाचायला दिली आणि अर्धं कडवं मागितलं. त्याने लगेच लिहिलं: 'किती हृद्य कल्पना! नक्कीच.' खाली स्वप्नं होती, पंख होते, भरारी होती.

तिने टाइप केलं: 'बाबांनी तीस वर्षांत एकदाही स्वप्न हा शब्द वापरलेला नाही. त्यांच्या गाण्यात वस्तू असतात. डबे, चपला, नळ.'

'अगदी योग्य निरीक्षण!' त्याने लिहिलं, आणि स्वप्नं काढून चपला घातल्या. चपलांना पंख होते.

"काय म्हणतोय तुझा होयबा?" आई येता-जाता विचारायची. तिने त्याचं नाव होयबा ठेवलं होतं. "मला तर वाटतं, तू त्याला म्हटलंस ना, माझी आई सुगरण आहे, तर तो म्हणेल, अगदी योग्य निरीक्षण."

"तुझी परीक्षा घेऊ का त्याच्याकडून?"

"नको बाई. एवढी स्तुती मला सोसायची नाही."

पण हळूहळू त्याला चाल सापडली. की तिला मागायचं कसं ते सापडलं, हे तिला सांगता आलं नसतं. ती म्हणायची, एक मात्रा कमी कर, तो करायचा. ती म्हणायची, इथे माणूस नको, वस्तू बोलू दे; तो वस्तूला बोलतं करायचा. वीस ओळींमधली एखादी अशी यायची की ती खुर्चीत मागे टेकून दोनदा वाचायची. 'शेवटचा एक सूर अजून कोपऱ्यात थांबला.' ही बाबांनी लिहिली असती. लिहिलीच असती असं नाही, पण असती. मग रविवारी सकाळी ती त्यांची मूठ उघडायची, ओळ गाऊन दाखवायची, आणि बाबा म्हणायचे, बरोबर. वहीतली पानं भरत गेली. प्रत्येक ओळीसमोर खूण, खुणेसमोर तारीख. 'दोन' पुरं झालं. 'तीन' पुरं झालं. साठ जणांच्या तालमी सुरू झाल्या.

कार्यक्रमाला नऊ दिवस उरले असताना प्रयोगशाळेत कोऱ्या नमुन्यात लोह निघालं.

तिथली पद्धत अशी होती: शहरातल्या नळांचे दर वीस नमुने तपासताना त्यांच्यात एक बाटली शुद्ध केलेल्या पाण्याची ठेवायची. तशीच बाटली, तसंच लेबल, तीच रसायनं. त्याला कोरा नमुना म्हणायचे. त्यात काही नसतं, म्हणून त्यात काही सापडताही कामा नये. सापडलं, तर यंत्र किंवा रसायन किंवा माणूस कुठेतरी चुकतोय आणि बाकी वीस आकड्यांना काही अर्थ नाही. मग सगळी बॅच बेसिनमध्ये.

"शुद्ध पाण्यात लोह!" शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली. "पिऊन टाक, रक्त वाढेल." तिने एकेक बाटली बेसिनमध्ये उपडी करायला सुरुवात केली. "सकाळपासूनचं सगळं गेलं बघ. आकडे कसे छान येत होते."

"छान येत होते," मुलगी म्हणाली.

तिने हातमोजे काढले आणि खिशातली गाण्याची वही काढली. खुणा मोजल्या. अडीच महिन्यांत त्रेचाळीस प्रश्न. त्रेचाळीस वेळा बरोबर. त्यांच्यात कोरा नमुना एकही नव्हता. ती सात वर्षं या टेबलावर बसत होती. कोऱ्या नमुन्याशिवाय तिने कधी पाण्याचा साधा थेंब तपासला नव्हता. ही चूक नवशिक्याची होती. तिच्याकडून ती झाली कशी, याचं उत्तरही तिला ठाऊक होतं, म्हणून तिने वही परत खिशात घातली आणि बाटल्या ओतायला मदत करू लागली.

रविवारी आई बाजारात गेली. मुलीने मनगट झुकवलं, अंगठा काढला, करंगळी काढली. नखांच्या खुणा टिपल्या. मग वही न उघडता, दुसऱ्या कडव्याच्या चालीत, नीट तालात म्हटलं:

वापरण्याआधी बाटली जोरजोरात हलवा,
झाकण घट्ट लावून मग थंड जागी ठेवा.

"बरोबर," बाबा म्हणाले.

प्रयोग एकदा करून चालत नाही. तिने त्यांचंच पहिलं कडवं घेतलं आणि चौथी ओळ मुद्दाम बेसूर म्हटली. इतकी, की तिच्या स्वतःच्या मानेवर काटा आला. 'सोडा'मधल्या 'सो'वर ती घसरली, घसरगुंडीपेक्षाही खाली.

बाबांचे डोळे बारीक झाले. ती पुढे झुकली. बाबांच्या ओठांची हालचाल झाली, थांबली, पुन्हा झाली. कपाळावर एक शीर उभी राहिली होती. तिने श्वास धरला.

"बरोबर," बाबा म्हणाले. आणि चांगल्या हाताने तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

आई पिशव्या घेऊन आत आली तेव्हा मुलगी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती.

"आई, बाबा सगळ्यालाच बरोबर म्हणतात."

"हो," आई म्हणाली. तिने पिशवीतून साबण काढला, धुण्याची पावडर काढली, फळीवर ठेवली.

"म्हणजे, त्यांना काय वाटतं ते आपल्याला कळत नाही. गाणं आवडलं की नाही, काहीच. मी आज बाटलीवरचं लेबल गाऊन दाखवलं. तेही बरोबर."

"मी रोज चहा दिला की विचारते, साखर बरोबर आहे ना. कधी कधी घालतच नाही." आई पिशवीची घडी घालू लागली. "एकदा तर मीठ घातलं. घोट घेतला आणि म्हणाले, बरोबर."

मुलीने विचारलं, "कधी केलंस हे?"

"दवाखान्यातून आणलं त्याच आठवड्यात."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी इथे अडीच महिने..."

"तुझं बरं चाललं होतं त्यांच्याशी," आई म्हणाली. "रविवारी दोघं बसायचात. आधी कधी बसलात तुम्ही असे? ते गाण्यात, तू तुझ्या नळ्यांमध्ये." तिने घडी घातलेली पिशवी परत उलगडली आणि पुन्हा घातली. "विचारायचं मी पण थांबवलं नाही. रोज विचारते. माणूस समोर बसलाय आणि विचारायचं नाही, म्हणजे काय गं?"

"मग हे गाणं त्यांचं नाही. सांगायला हवं त्यांना."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"सांग की," आई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

दुपारी तिने चॅटबॉट उघडला. हे तो ठरवू शकत नाही हे ठाऊक असूनही विचारलं. टाइप केलं: 'दुसरं आणि तिसरं कडवं वाईट आहे.' त्याने माफी मागितली, तिचं म्हणणं कसं रास्त आहे ते दोन ओळींत सांगितलं आणि नवी दोन कडवी दिली. तिने टाइप केलं: 'नाही, आधीचीच चांगली होती.' तो म्हणाला, अगदी बरोबर, आधीच्या ओळींमध्ये एक साधेपणा होता. तिने विचारलं: 'हे माझ्या बाबांचं गाणं आहे का?' त्याने लिहिलं की बाबांची भावना, त्यांची शैली आणि त्यांच्या मुलीचं प्रेम या गाण्यात आहे, म्हणून एका खोल अर्थाने ते त्यांचंच आहे. तिने मोबाईल पालथा ठेवला.

बाबा खुर्चीत डुलकी काढत होते. मूठ मांडीवर होती. झोपेतही ती मिटलेलीच असायची.

मग तिने घसरगुंडीला फोन लावला. मागे ड्रिलचा आवाज येत होता. तो कुणालातरी म्हणाला, आ करून ठेवा, आलोच.

"बोल मोजपट्टे. पत्रिका बघितलीस ना? छापून आली. 'शब्द आणि चाल: सर.' मोठ्या अक्षरात घ्यायला लावलं मी."

"त्याविषयीच बोलायचं होतं. ते शब्द... पहिलं कडवं सोडलं तर ते सरांचे नाहीत."

"अगं, ठाऊक आहे सगळ्यांना. मदत घेतली तू. पण सरांनी ओळ न् ओळ ऐकून होकार दिलाय, तूच म्हणालीस. तारखा आहेत तुझ्याकडे. तुझ्यासारखं काटेकोर कोण करतं एवढं?"

"होकाराचंच सांगतेय. त्यांचं ते बरोबर म्हणणं..."

"काय?"

तिने तोंड उघडलं. ड्रिल थांबलं होतं. पलीकडे तो वाट बघत होता. नीट ऐकू यावं म्हणून त्याने बहुतेक फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय झालं गं? सर बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"बोल ना मग. बरोबर म्हणणं काय?"

तिला तो खुर्चीसमोर उभा असलेला दिसला, खिशात हात घातलेला, चष्मा काढलेला. तिच्या त्रेचाळीस खुणा खोडायच्या, तर त्याची एक कशी ठेवायची?

"काही नाही," ती म्हणाली. "उच्चार आता जरा स्पष्ट होतोय. तेवढंच."

"अरे वा! बघ, गाण्याचा परिणाम. सांगत होतो मी." मग बाजूला वळून, "नाही नाही, तोंड मिटू नका."

सभागृहाच्या भिंतींवरच्या तसबिरी आधीच उतरवल्या होत्या. त्यांच्या जागी फिकट चौकोन राहिले होते. खुर्च्या मात्र सगळ्या भरल्या होत्या. मंचावर साठ जण चार ओळींत उभे राहिले. कुणी पंचविशीतलं, कुणाचे केस पांढरे, तरी उंचीप्रमाणे उभे राहताना प्रत्येकाला आपली जुनी जागा आठवत होती आणि त्यावरून भांडणं झाली होती. बाबांची चाकाची खुर्ची पहिल्या ओळीसमोर, जिथे त्यांचं स्टूल असायचं तिथे ठेवली. मुलगी शेजारी खाली बसली. आई समोर पहिल्या रांगेत होती.

पिपाणीने पियानोवर सुरुवातीचा सूर दिला. कुणी सुरुवात केली नाही.

तिने परत दिला. साठ चेहरे एकाच जागी बघत होते. बाबांच्या मांडीवर, उजव्या मुठीकडे.

मागच्या ओळीतून कुणीतरी खुसखुसलं. मग सगळं सभागृह हसू लागलं.

"मोजपट्टे," घसरगुंडी दुसऱ्या ओळीतून म्हणाला, "तेवढी उघड ना गं. श्वास अडकलाय आमचा."

ती गुडघ्यांवर उभी राहिली. मनगट झुकवलं. अंगठा, करंगळी, उरलेली तीन. तळहात उघडला तसा साठ छात्यांत एकदम श्वास भरल्याचा आवाज झाला. लहानपणी तो तिने शेकडो वेळा ऐकला होता आणि तरी तो ती विसरली होती.

किल्ल्या लावा खिळ्याला, दिवे मी मालवतो,
तुम्ही व्हा पुढे सावकाश, मागून मी येतो.

समोर आईने मान खाली घातली. पियानो एका मात्रेने मागे पडला, सावरला. फळा पुसून झाला. खडू थोडा उरला. दार लोटलं, कडी सोडली. पियानोने चार मात्रांचा तुकडा वाजवला, आणि साठ जणांनी दुसऱ्या कडव्याचा पहिला शब्द उचलला.

मूठ मिटली.

साठच्या साठ जण थांबले. अक्षराच्या मधे. पिपाणीचे हात पियानोवरून वर उचलले गेले. सभागृहात फक्त कुणाच्यातरी खुर्चीची करकर ऐकू आली.

मग परत हसू आलं, या वेळी मोठं, ओलं. "अजून तसेच आहेत सर!" कुणी ओरडलं. टाळ्या पडल्या.

"बरोबर," बाबा म्हणाले.

मुलीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे बारीक झाले होते. मंचावरच्या दिव्यांनीही झाले असतील. उघडलेली मूठ साधारण पन्नास सेकंदांत आपोआप मिटते, हे तिने सकाळी बसून कित्येकदा मोजलं होतं. पहिलं कडवं आणि त्यानंतरचा तुकडा मिळून अठ्ठेचाळीस सेकंदांचे होतात, हेही तिनेच मोजलं होतं. तिने त्या दोन आकड्यांकडे पाहिलं. त्यांतून काहीच निघत नव्हतं.

"बाबा," ती कानाशी जाऊन म्हणाली, "थांबवू का? इथेच थांबवू?"

"बरोबर."

"की पुढे जाऊ दे?"

"बरोबर," बाबा म्हणाले. शीर कपाळावर उभी होती. "बरोबर. बरोबर."

"चला, पुन्हा!" घसरगुंडी म्हणाला, अगदी सरांच्या आवाजात, आणि साठ जण हसत हसत ताठ उभे राहिले. पिपाणीने सूर दिला. सगळे मुठीकडे बघू लागले.

तिने मनगट झुकवलं. अंगठा काढला. करंगळी काढली. बोटं या वेळी जरा जड गेली. ती उघडली तेव्हा तिने आपला हात त्यांच्या तळहातात ठेवला आणि काढला नाही.

पहिलं कडवं झालं. चार मात्रांचा तुकडा झाला. पियानोला झाकण घाला, साठ जण गाऊ लागले, आणि तिच्या हातावर बोटांचा जोर यायला लागला. आधी करंगळीचा, मग सगळ्यांचा. नखं लागली. तिने हात सरळ ताणून धरला, समोरून मूठ उघडी दिसावी म्हणून, आणि दोन कडवी संपायला किती मात्रा उरल्यात ते मोजू लागली.